नाताळच्या पेट्यांची वाटणी

यंदा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार यायच्या आधीच मी घरात जाहीर करून टाकलं: माळ्यावरचं नाताळचं सगळं सामान उतरवायचं, उघडायचं आणि पोट्ट्यांना वाटून मोकळं व्हायचं. ह्यांचे दोन्ही गुडघे बदललेले, स्टुलावर चढायची डॉक्टरांची सक्त मनाई. मी चढले की हे खाली उभं राहून इतक्या सूचना देतात, की पडायचं नसलं तरी माणूस पडेल. त्यामुळे गेली काही वर्षं हाताला लागेल ते एकच खोकं खाली यायचं. तेच प्लास्टिकचं झाड, त्याच दोन सिरीज, तोच तारा. बाकीचं वरच्या वर.

आधी रीतसर मुलांना विचारलं. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कायले जीव काढतेस? देऊन टाक, नाहीतर फेकून दे. आता सगळं ऑनलाइन मिळते." इथेच नागपुरात मनीषनगरला राहणारी लेक म्हणाली, "आमच्या फ्लॅटमध्ये जागा कुठाय? पण ते जर्मनीचे गोळे मात्र मला ठेव हं." थोड्या वेळाने मुलाचाही मेसेज आला, गोळ्यांबद्दलच. जागा कोणालाच नाही आणि गोळे दोघांनाही पाहिजेत. मी ठरवलं, मधली पिढी वगळायची. सामान थेट नातवंडांच्या हातात. आणि नातवंडं म्हणजे काही फक्त रक्ताची नाहीत. अजनीच्या ह्या गल्लीत इतकी वर्षं काढल्यावर जी पोट्टी 'आजी' म्हणत सरळ स्वयंपाकघरात येऊन डबे उघडतात, ती सगळीच.

उतरवायचं काम समोरच्या घरातल्या तरण्या पोरांनी केलं. पत्र्याच्या दोन पेट्या, संत्र्याची एक जुनी लाकडी पेटी, मिक्सरची, टीव्हीची अशी खोकी आणि बांबूच्या ताऱ्यांचे सांगाडे. हॉल भरला. हे म्हणाले, "एवढं आपण घेतलं कधी?" घेतलं कुठे? थोडं घेतलं, थोडं आईकडून आलं, बरंचसं आमच्या पोरांनी शाळेत केलं, आणि काही तर कोणीतरी बदलीच्या गावी जाताना 'ठेवा जरा' म्हणून ठेवलेलं, ते कायमचंच राहिलं.

मुलं यायच्या आधी मी एकटीने सगळं एकदा पाहून घेतलं. असं काही करायचं मनात असेल तर पेटी पहिल्यांदा मुलांसमोर उघडू नका, एवढं माझं ऐका. नागपूरचा उन्हाळा माळ्यावर काय करतो ते आधी आपल्या डोळ्यांनी बघावं. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. स्लॅबच्या पोटाशी त्या दुपारी किती असेल, विचारू नका. माझ्याकडे मेणाचे चार गायक होते. हातात पुस्तक धरून तोंडाचा चंबू केलेली पोरं, आम्ही पासावर कोलकात्याला गेलो होतो तेव्हा न्यू मार्केटमधून आणलेली. चौघांचं मिळून एक ढेकूळ झालं होतं, त्यातून एकच चेहरा वर निघालेला, तोंड अजून उघडंच. रबरबँड वितळून कागदात मुरले होते. क्रेप कागदाच्या पताका आम्ही मैद्याच्या खळीने चिकटवायचो. जिथे जिथे खळ होती तिथेच नेमकी कसरीने भोकं पाडली होती, बाकी कागद कोरा करकरीत. त्या पताका गेल्या. ह्यांच्या फाटून बाद झालेल्या लाल-हिरव्या झेंड्यांच्या तुकड्यांचं मी शिवलेलं तोरण मात्र टिकलं. हे रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते ह्यांना अजून पचलेलं नाही.

चंदेरी पट्ट्यांची एक जुडी मी मुद्दाम बाजूला काढली. आईच्या वेळची. अशी पट्टी झाडावर टाकली की सरळ खाली लोंबते, पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा हलत नाही, आणि फार देखणी दिसते. ती तशी लोंबते कारण ती शिशाची आहे. ओळखायची खूण सोपी: दुमडली की दुमडलेलीच राहते, प्लास्टिकची चमकी लगेच उलगडते. लहान मुलांच्या पोटात शिसं जायला नको म्हणून अमेरिकेत १९७२ च्या सुमाराला अशा पट्ट्या बंद झाल्या. आम्ही भावंडं मात्र त्या खुशाल दातात धरून झाडाला लावत होतो. घट्ट झाकणाच्या बरणीत भरल्या, वर चिठ्ठी लावली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. ह्या कोणालाच द्यायच्या नाहीत.

रविवारी उपासनेनंतर पोट्टे आले. लेकीची दोघं, थोरली नववीत, धाकटा सहावीत. समोरच्या घरचा सातवीतला. वरच्या मजल्यावरची पहिलीतली पोरगी, तिची आईही मागोमाग, 'हिने काही फोडलं तर' म्हणून. संडे स्कूलची चार-पाच. पुण्याचा नातू व्हिडिओ कॉलवर, त्याचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. सतरंजी अंथरली आणि पहिला नियम सांगितला: सगळ्यांनी खाली बसायचं, काच उभ्याने कोणी हातात घ्यायची नाही.

सुरुवात जर्मनीच्या गोळ्यांनी केली, कारण माझ्या मते तेच घरातलं खरं धन. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले तेव्हापासून इथे स्कॉटलंडच्या मिशनचा राबता. आईच्या नोकरीच्या काळात त्यातल्या शेवटशेवटच्या मिससाहेब आपापल्या गावी परतत होत्या. अशाच एका मिससाहेबांनी जाताना हा डबा आईच्या हातात दिला. पुठ्ठ्याचे बारा खण, झाकणावर जर्मनीचा शिक्का. बारापैकी सहा गोळे आता शिल्लक आहेत. जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगराळ भागात लाउशा नावाचं गाव आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घरोघरी असे गोळे फुंकून करत. काचेची नळी ज्योतीवर तापवायची, फुंकून फुगवायची, गार झाली की आत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घालून घोळवायचं. चांदीचा थर बसतो आतून, रंग लागतो बाहेरून. म्हणून असा गोळा ओल्या फडक्याने पुसायचा नाही; चांदी जागची हलत नाही, पण रंग सगळा फडक्यावर येतो. मी ह्यांचा जुना दाढीचा ब्रश वापरते, कोरडा. आणि गोळा कधी टोपी धरून उचलायचा नाही. वरची पत्र्याची टोपी आतल्या दोन तारांच्या ताणावर अडकलेली असते, सुटली की गोळा फरशीवर.

हे सगळं मी रंगून सांगितलं. नातू म्हणाला, "पण आजी, ह्याचा कलर गेला ना."

गेलाच आहे. वांगी रंगाचा आता धुरकट जांभळा झालाय, सोनेरी तर नुसता पिवळट. दुसऱ्या खोक्यात फिरोजाबादचे लालभडक गोळे होते, जाड काचेचे, जड, जरा वेडेवाकडे. पोट्टे त्यांच्यावर तुटून पडले. एकटी पहिलीतली पोरगी धुरकट जांभळा गोळा दोन्ही तळहातांवर घेऊन बसून राहिली. नाक अगदी टेकवायची, मागे घ्यायची, परत टेकवायची. "माझं नाक मोठं होतंय," तिने आईला कळवलं. आईचा श्वास वर अडकलेला.

मध्येच ह्यांनी संत्री आणून वाटली. ह्या दिवसांत नागपुरात घरात आंबिया बहाराची संत्री नाहीत असं होत नाही, आणि पोट्ट्यांच्या हातात संत्र्याची साल असली की ती एकमेकांच्या डोळ्यांत पिचकवल्याशिवाय राहत नाहीत. समोरच्या पोट्ट्याने नेम धरला माझ्या नातवावर, फवारा गेला थरमाकोलच्या घरावर. छपरावर बारीक बारीक खड्डे पडले. क्षणभर सगळे गप्प, मग एकच गिल्ला. संत्र्याच्या सालीतलं तेल थरमाकोल विरघळवतं, हे मला वाचून माहीत होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. ते घर महाराष्ट्रात २०१८ साली थरमाकोलच्या सजावटीवर बंदी आली त्याच्या आधीचं; ना कोणाला देता येत होतं ना टाकवत होतं. पोट्ट्यांनी सालींचा मारा करून दाराखिडक्यांसकट त्याची चाळणी केली आणि माझा प्रश्न सोडवला. साक्षात बर्फाळ प्रदेशातलं घर आमच्या नागपुरी संत्र्याने खाल्लं. त्यानंतर मात्र साबणाने हात धुऊन, वास घेऊन दाखवल्याशिवाय कोणाला काचेला हात लावू दिला नाही. त्या तेलाचं काय सांगावं, गोळ्यांचा उरलासुरला रंगही घेऊन जायचं.

सिरीजचं खातं ह्यांचं. जुन्या सिरीज गुंत्यासकट निघाल्या. त्यात सहा-सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बारके दिवे एकापुढे एक जोडलेले, म्हणजे सगळ्यांची मिळून घरातली २३० व्होल्ट होतात. एक गेला की सगळी माळ अंधारात. गेलेला एक शोधायचा म्हणजे पूर्वी रात्र जायची. ह्यांनी ड्युटीवरच्या जुन्या बॅटरीचे चार सेल एका कागदाच्या नळीत ओळीने घातले. दीड चोक सहा. दोन वायरी लावल्या आणि पोट्ट्यांना बसवलं: एकेक दिवा काढायचा, टेकवायचा, लागला तर डावीकडे, नाही लागला तर उजवीकडे. सातवीतला पोट्टा जो बसला तो उठेचना. त्याला एक दिवा वेगळाच सापडला, लागायचा, जरा वेळाने आपोआप विझायचा, परत लागायचा. "आजोबा, हा खराब आहे का?" तो खराब नाही, तोच तर राजा. त्याच्या पोटात दोन धातूंची पट्टी असते. तापली की वाकते आणि वाट तोडते, गार झाली की सरळ होऊन वाट जोडते. तो एकटा उघडझाप करतो म्हणून अख्खी माळ उघडझाप करते.

मात्र वायरींचं आवरण हातात येताच पापुद्र्यासारखं सुटत होतं. हे म्हणाले, "ह्याला प्लग लावायचा नाही. बात खतम." वायरी भंगारात. चालू दिवे, वरची प्लास्टिकची फुलं आणि तो उघडझाप करणारा दिवा सातवीतल्याने शाळेच्या प्रयोगासाठी मागून घेतला. वर अगदी सहज विचारलं, "आजी, ती निळी एलईडीवाली कोणाला पाहिजे का?" नवी सिरीज ती, दोन वर्षांचीच. म्हटलं, का रे? "चौदा एप्रिलला लावतो ना. गच्चीवरून खालपर्यंत पुरते." मी मनात लांबी मोजली, खरंच पुरेल. देऊन टाकली.

संत्र्याची लाकडी पेटी मी शेवटी उघडली. तिच्यात गोठा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या मूर्ती.

आमचं लग्न झालं त्या काळात प्लास्टरची, परदेशी वळणाची मूर्तींची पेटी मिळायची, पण पगारात बसत नव्हती. हे दिवाळीनंतर महालात चितार ओळीत गेले. गणपती, दुर्गा, लक्ष्मी सगळं आटोपल्यावर तिथल्या मूर्तिकारांचे हात जरा मोकळे असतात. खिशात नाताळचं एक भेटकार्ड, त्यावरचं चित्र दाखवून म्हणाले, असं करून द्या. मूर्तिकारबुवांनी केलं. मरिया आली ती कानापर्यंत ओढलेल्या डोळ्यांची, दुर्गेच्या घराण्यातली. योसेफाला फेटा. बाळाला भेटी घेऊन येणारे पूर्वेकडचे ज्ञानी लोक तर थेट दशरथाच्या दरबारातून उठून आलेले, एकाच्या कमरेला तलवारसुद्धा. आणि बाळ येशू रांगता, उजवा हात पुढे, मुठीत काहीतरी. लोणी! साचा बाळकृष्णाचा होता. हे परत गेले, नीट समजावलं, की हे बाळ नुकतंच जन्मलंय, अजून रांगत नाही, गव्हाणीत निजलंय. बुवा म्हणाले, "मग आधी सांगायचं ना जी," आणि निजलेलं बाळ तळहाताएवढं करून दिलं, पैसे न घेता. पहिलंही परत घेतलं नाही. म्हणून आमच्या गोठ्यात बाळं दोन आहेत. चोवीस तारखेच्या रात्री निजलेलं ठेवायचं आणि सहा जानेवारीला, ज्ञानी लोक पोचले की, रांगतं. ही पद्धत आमच्या मुलाने पाचव्या-सहाव्या वर्षी पाडली, आणि पाळकसाहेबांनीही घरी आल्यावर हसून मान्य केली.

बैलाची गोष्ट निराळी. मूर्तिकारबुवांकडून मेंढ्या आल्या, गाढव आलं, बैल राहिला. तो तान्ह्या पोळ्याचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे विदर्भात लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, त्यातला, चाकांवरचा, पितळी घुंगरू लावलेला. गोठ्यात बैल नाही म्हणून मुलाने आपला आणून उभा केला. योसेफापेक्षा तो दीडपट उंच. चाकं काढायला मुलाने साफ नकार दिला होता, म्हणून चाकांखाली गवत पसरायचं. पुढे त्याच्याशिवाय गोठा नागडा वाटायला लागला.

पोट्ट्यांनी मूर्ती सतरंजीवर मांडल्या आणि थोरली नात मोजायला लागली. ज्ञानी लोक दोनच. तिसरा, तलवारवाला, एका घर बदलण्यात गेला. संडे स्कूलमधली एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "चालते. मत्तयाच्या शुभवर्तमानात किती जण होते ते दिलंच नाही. सोनं, ऊद आणि गंधरस, भेटी तीन होत्या फक्त." मला अभिमान वाटला तोवर माझा नातू म्हणाला, "मग बैल तरी कुठे दिलाय?" आता आली का पंचाईत! लूकमध्ये गव्हाणी आहे, जनावरांचं नावही नाही. बैल आणि गाढव लोकांनी आणले ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून, तिथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव मालकाच्या ठाणाला ओळखतं असं आहे. आणि हा असा गोठा मांडायची रीत पडली ती असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव उभं करून नाताळ केला त्याच्यामुळे. "म्हणजे तिथेपण लोकलच बैल आणला," नातवाने निकाल दिला. पुण्याचा नातू फोनमधून ओरडत होता, "आजी, कॅमेरा बैलाकडे कर!"

मूर्ती कच्च्या मातीच्या, भाजलेल्या नाहीत. पाणी लागलं की संपल्या. एका मेंढपाळाचा हात निखळला होता. माती भिजवून त्यात डिंक कालवला आणि थोरलीने तो बसवला. जरा जास्तच वर बसला. आता तो रिक्षा थांबवतोय असं वाटतं.

वाटपाला ह्यांनी वही काढली. वस्तू, कुठून आली, साल, कोणाला, सही. वस्तूबरोबर एक चिठ्ठी द्यायची आणि ती घेणाऱ्यानेच लिहायची, मी सांगेन तशी. मी अट एकच घातली: जे नेलं ते ह्याच नाताळात लावायचं. झाडाला लावा, दाराला लावा, कपाटाच्या कडीला लावा, पण पेटीत ठेवायचं नाही. लेक मागे उभी राहून म्हणाली, "आई, काचेचं तरी मी जपून ठेवते ना गं." म्हटलं, जपून मी ठेवलंच होतं की, मेणाच्या पोरांचं काय झालं ते पाहिलंस ना. फुटायचं ते पोरांच्या हातून फुटू दे, उन्हाने कशाला?

भांडण झालं, पण गोळ्यांवरून नाही. टेबल टेनिसच्या चेंडूचा एक सांता आहे, मुलाने तिसरीत केलेला. कापसाची दाढी पिवळी पडलेली, एक डोळा नाकाजवळ, दुसरा कानाजवळ. तो प्रत्येकाला पाहिजे. 'मामाने केलेला' म्हणून लेकीच्या दोघांना, 'बाबाने केलेला' म्हणून पुण्याला, आणि गल्लीतल्यांना तो फारच भारी दिसतो म्हणून. मुलगा फोनवर आडवा आला, "आई, प्लीज, ते फेक ना, बेकार दिसते." त्याचं ऐकतंय कोण. चिठ्ठ्या टाकल्या. निघाला समोरच्या सातवीतल्याच्या नावावर. आमच्या नातवाने रडायचं तेवढं बाकी ठेवलं, मग त्याच्याशीच सौदा केला: तीन फिरोजाबादी लाल गोळे आणि एक झेंड्यांचं तोरण, बदल्यात सांता. सातवीतला थोडा विचार करून म्हणाला, "तोरण राहू दे, गोळे चार." ह्यांनी वहीत खोडाखोड करून दोघांच्या सह्या घेतल्या.

जर्मनीच्या सहांपैकी दोन पुण्याच्या नावाने ठेवले, दोन थोरलीने घेतले, आईचं कोपर बरगडीत लागल्यावर. एक संडे स्कूलच्या झाडाला गेला. धुरकट जांभळा पहिलीतल्या पोरीला. तिची आई 'नको नको' म्हणत होती, पोरीने सही करून टाकली होती, ती पण अख्ख्या पानावर.

बांबूचे तारे कोणाला तयार द्यायचे नाहीत असं मीच ठरवलं होतं. सांगाडे चांगले होते, कागद उडालेला. अशा ताऱ्याची गंमत मुलांना हाताने केल्याशिवाय कळत नाही: कामट्यांचे दोन पाचकोनी तारे करायचे, एकावर एक ठेवून पाचही टोकं बांधायची, आणि मग आतल्या पाच कोनांत बोटभर काड्या आडव्या ठोसायच्या, की सपाट तारा एकदम फुगतो. पतंगाचा कागद जुन्या शुक्रवारीतून आणवला, संक्रांतीचा माल तिथे तेव्हाच यायला लागलेला असतो. खळ मैद्याचीच, पण थोडा मोरचूद घालून, म्हणजे कसर फिरकत नाही. त्याला मात्र मीच हात लावला, तो विषारी. आत पूर्वी पंधराचा बल्ब असायचा आणि दरवर्षी एखाद्या घराचा कागद करपायचा. आता एलईडी, त्याची काळजी नाही. लाल-पिवळा, हिरवा-पांढरा, आणि एक निळा, तो कोणाचा ते सांगायला नको.

गोठा फोडायचा नाही असं मी आधीपासून म्हणत होते. एक वर्ष लेकीकडे, एक वर्ष पुण्याला, एक वर्ष आमच्याकडे, असा फिरता ठेवायचा. पुण्याच्या नातवाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओके. पण बैल बाबाचा आहे. तो माझा." तत्त्वतः त्याचं बरोबर होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "दे त्याला. पुढच्या तान्ह्या पोळ्याला दुसरा आणू, ह्या खेपेला जरा लहान." नाताळात पुण्याची मंडळी आली तेव्हा त्याने बैल ट्रेनमध्ये बर्थवर चालवत नेला म्हणे, घुंगरासकट. डब्यातल्या लोकांनी काय म्हटलं ते सुनेने सांगितलं नाही.

सत्तावीस डिसेंबरला सकाळी वरच्या मजल्यावरची आई दारात. डोळ्यांत पाणी. "आजी, माफ करा, तिने खाटेवर उभं राहून..." जांभळा गोळा. मागे पोरगी, तिच्या मुठीत पत्र्याची टोपी. मी आधी तिचे तळवे बघितले, पायही. मग तिच्या आईला म्हटलं, झाडू फिरवलास ना, त्याने काही होत नाही, ही काच कागदाहून पातळ असते. कणकेचा गोळा घे, जरा सैल, आणि फरशीवर दाबत दाबत फिरव, खाटेच्या पायांशी, चटईच्या कडेला. सगळी बारीक कपची त्यात येते. मग ती कणीक कागदात गुंडाळून कचऱ्यात, नाहीतर चुकून गाईला घालशील.

तोपर्यंत ह्यांनी वही काढून जांभळ्यापुढे शेरा लिहिला होता आणि पोरीला आणखी एक सही करायला लावली होती. तिने विचारलं, आता दुसरा मिळेल का. फिरोजाबादचा एक हिरवा उरला होता, कोणालाच नको असलेला, तळाशी काचेचा टेंगूळ असलेला. ह्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला. "हा घे. हा पडला तर टाइल फुटेल."